दोनशे त्र्याहत्तर मिळवा, पावणं

कोल्हापूर जिल्ह्यात वायूंची बाजू घेऊन भांडणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. पेठ वडगावच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शाहूपुरीतल्या घरी तोच वर्ग पुढे चालू ठेवला. फरक एवढाच की आता विद्यार्थी म्हणून नातेवाईक बसतात. "आदर्श वायूचं रेणू एकमेकाला वढत न्हाईत, ढकलत न्हाईत," ते भर पंगतीत सांगतात. "असला वायू जगात न्हाय. असला पावणाबी न्हाय." हे म्हणताना ते माझ्याकडेच का बघतात, हे मी अजून विचारलेलं नाही.

मुलगी बघायला गेलो तेव्हाची आमची ओळख. लोक पगार विचारतात. यांनी पोह्यांच्या बशीशेजारी कागद सरकवला आणि सिलिंडरमधल्या वायूचं गणित घातलं. तापमान सेल्सिअसमध्ये होतं, त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्व्हिन करायचं मी विसरलो. दाजींनी लाल रेघ मारली आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण उत्तर अकरापट काढतंय. जपून ऱ्हावा." मग माझ्याकडे वळून, "पावणं, उत्तर लई आवडलं की पुन्यांदा तपासायचं."

दोनशे त्र्याहत्तर हे त्यांचं दैवतच. उन्हाळ्यात गल्लीत कुणी "लई गरम हुतंय" म्हणालं की हे "तीनशे बारा हाय" म्हणून मोकळे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्काला ताप आला तेव्हाही डॉक्टरांना फोनवर तीनशे बाराच सांगितलं, आणि ती रक्तातली साखर समजून डॉक्टरांनी घाबरून तिचं गोड बंद केलं. मे महिन्यात स्कूटरवरून मुरगूडला निघालो तर हवा भरणाऱ्याला म्हणाले, "तीस नगो, सत्तावीस भर. टायर तापला की आपसूक तीस हुतंय." तो म्हणाला, "सर, हवा फुकट हाय, डोस्कं नगा खाऊ." मुरगूडपर्यंत दाजी दर गावाला उतरून टायरला हात लावून बघत होते.

मागच्या वर्षी अक्काला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं तरी नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर होतंच. रविवारी सकाळी मी गेलो तर दाजी काट्यावरचा दाब वाचून गणित करून बसलेले, चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला. "पंचावन्न तास पुरतंय," ते म्हणाले. "सिलिंडरवाल्याला सांगितलं, आज येऊ नगो, मंगळवारी सकाळी ये."

हाताला चाळा म्हणून मी कागद उचलला. तापमानाच्या जागी नुसते सत्तावीस होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दाजी, दोनशे त्र्याहत्तर मिळवायचं ऱ्हायलंय."

कागद घेऊन त्यांनी गणित पुन्हा मांडलं. पाच तास आले. फोनचे आकडे त्यांच्या बोटांना सापडेनात, म्हणून सिलिंडरवाल्याला मीच फोन लावला. दोन तासांत नवं सिलिंडर येऊन जोडून झालं, तोवर दाजी काट्यावरची नजर हलवायला तयार नव्हते.

"उत्तर आवडलं मला, पावणं," ते हळूच म्हणाले. "म्हणून तपासलं न्हाय."

मला त्यांची फार माया आली. कॉटवरून अक्काच म्हणाली, "दोघंबी नापास. आता च्या कोण टाकतंय?"

आता अक्का ठणठणीत आहे, स्वतःच चहा टाकते आणि दाजींशी भांडते. पण हल्ली ते कसलंही गणित केलं की कागद माझ्यापुढे सरकवतात. "बघा जरा." मी एकच जागा बघतो, दोनशे त्र्याहत्तर तिथे असतातच. तरी मी कागद लगेच परत देत नाही, कारण मी तपासतोय तोवर दाजी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत असतात, आणि अक्का आत भांडी आपटत असते.