मधले दोन नंबर

आमच्या साडूंइतका खरं बोलून गिऱ्हाईक घालवणारा माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात सापडायचा नाही. धंदा इंटरनेट जोडणीचा, म्हणजे वस्तीवस्तीवर पाइप उभे करून रेंज पकडणारे डबे टांगायचे. "रेंज येईल ना?" विचारलं की बाकीचे "येईल की" म्हणतात, हे म्हणतात, "लिंबाची फांदी तोडली तर." नंबरांच्या बाबतीत तर कडक सोवळं. प्रत्येक डब्याला नंबर लागतो, नंबर येतात गठ्ठ्यानं, पण गठ्ठ्यातला पहिला आणि शेवटचा कुणाला द्यायचा नसतो. आठांचा गठ्ठा असेल तर सहाच द्यायचे, चारांचा असेल तर दोनच. हे त्यांनी मला माझ्याच मुलीच्या साखरपुड्यात, वाढप्याला थांबवून समजावलं. मी म्हटलं, आधी जिलबी घ्या.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, शेताची वाटणी झाल्यापासून त्यांच्याशी बोलत नव्हते. मध्ये ओढा, पलीकडे खोलगटात दादांचं घर, तिथं रेंज शून्य. पुण्यातल्या लेकीचा चेहरा मोबाईलवर बघायचा तर टेकाड चढायचं, आणि गुडघे तर कामातून गेलेले. साडूंना ते बघवेना. त्यांनी न विचारताच दादांच्या पत्र्यावर डबा टांगला. दोन घरांपुरता चार नंबरांचा गठ्ठा. दादांनी वहिनींकरवी निरोप धाडला, "पहिला नंबर थोरल्याचा, शेवटचा धाकट्याचा. न्हाई तर डबा काढून न्यावा."

आता दुसरा कुणी असता तर "घ्या पहिला" म्हणून मोकळा झाला असता. मी तसं सुचवलंही. साडू म्हणाले, "भावाशी खोटं बोलू व्हय?" आणि निघाले ओढा ओलांडून. भांडण सोडवायला मी मागोमाग.

"दादा, पहिला नंबर म्हंजी आपल्या वस्तीचं नाव. त्यात कुनाला ऱ्हाता येत न्हाई. शेवटचा हाकेचा, त्यावर हाक मारली की समद्यांना ऐकू जाती. ऱ्हायाला मधले दोनच."

दादांनी सुपारी कातरायचा अडकित्ता खाली ठेवला. मग वाटणीनंतर पहिल्यांदाच थेट भावाला म्हणाले, "मग मधला दे. पन तुझ्या आधीचा."

संध्याकाळी दोघं भाऊ एका मोबाईलवर डोकी टेकवून लेकीला "लई वाळलीस गं" म्हणत होते.

गेल्या वर्षी लेक दादा-वहिनींना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. परवा शेजारच्या वस्तीवाल्यानं जोडणी मागितली, तेव्हा मी साडूंना म्हटलं, दादांचा नंबर मोकळाच आहे की.

"मोकळा हाय," ते ओढ्यापलीकडं बघत म्हणाले. "पन द्यायचा न्हाई."

मला त्या घडीला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. चारांतले द्यायचे नाहीत असे नंबर आता तीन झाले होते.