आबांची नाकवाली मोटार

एसटी येण्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूर-राधानगरी रस्त्यावर स्वतःची प्रवासी मोटार चालवायचे. लांब नाकाची, लाकडी सांगाड्याची. एसटी आल्यावर ती लग्नाच्या वऱ्हाडापुरती उरली आणि मग शेडमध्ये उभीच राहिली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला. बायको म्हणाली, हीच गाडी दुरुस्त करून पर्यटकांना जुनं कोल्हापूर दाखवू, पौर्णिमेला नृसिंहवाडी करू. होतं नव्हतं ते घालून आम्ही गाडी चालती केली.

पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर गाडी आम्हाला खायला लागली. तिचे पार्ट कुठंच मिळत नसत. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत एकेक नग ओतून घ्यावा लागे आणि एका नगासाठी साचा करायचा म्हणजे सगळा खर्च आमच्याच डोक्यावर. डिझेल वाढलं. विमावाले जुन्या गाडीला हात लावेनात. लोक कौतुकानं गाडीपुढं उभं राहून फोटो काढायचे आणि शेजारच्या गार गाडीत जाऊन बसायचे. बँकेच्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. कागदावर या गाडीची किंमत शून्य आहे, कर्ज कशावर देऊ, एवढंच विचारलं.

मग एका पौर्णिमेला वाडीहून परतताना ॲक्सल तुटला. प्रवाशांनी भाडं परत मागितलं. ते देऊन, वर टेम्पो करून त्यांना घरी पोचवलं. बायको त्या उन्हात गाडीच्या पायरीवर बसून राहिली. रडली नाही. "आता मला काई सुचत न्हाई," म्हणाली.

ॲक्सल उसनवारीवर बसवला, पण पंपावर उधार बंद झालं, आरटीओच्या पासिंगची तारीख टळून गेली. त्याच सुमारास सिनेमाच्या युनिटचा एक माणूस आला. त्यांना जुनी मोटार हवी होती. दंगलीच्या प्रसंगात जाळायला. तो देणार होता त्यात आमची सगळी देणी फिटत होती.

आबांना सांगायची हिंमत होईना. शेवटी जेवताना सांगितलं. त्यांनी घास संपवला, पाणी प्याले.

"जाळायचीच आसंल तर तिथवर मी न्हेतो," म्हणाले.

ऐंशीच्या घरातला माणूस. आम्ही दोघांनी अडवून पाहिलं, ऐकलं नाहीत. कळंब्याच्या पलीकडं शूटिंग होतं त्या माळापर्यंत आबांनी गाडी नेली. उतरल्यावर किल्ली युनिटवाल्याच्या हातात दिली आणि दिलेल्या खुर्चीवर बसले.

लाकूड जुनं, सुकलेलं. बघता बघता पेटलं. टप खाली बसला तसा मी आबांचा हात धरला. बायकोनं तोंड फिरवलं होतं. आबा मात्र शेवटपर्यंत बघत राहिले.

देणी फिटली. मी दुसऱ्याच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर म्हणून लागलो. आबा दर शुक्रवारी पेपरात सिनेमाच्या जाहिराती शोधायचे. "आलं का रं आपलं पिक्चर?" म्हणून मला विचारायचे. निर्मात्याचे पैसे मध्येच संपले आणि सिनेमा अर्धाच राहिला, हे मला युनिटच्या माणसाकडून कळलं होतं. मी आबांना ते सांगितलं.

"मग उगंच जाळली की," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पेपर मागणं सोडून दिलं.