अकरा नंबरचा नमुना

अकरा नंबरचा रिपोर्ट तिसऱ्यांदा काढला तरी तसाच आला. बाकी सगळ्यांचे आलेख संध्याकाळनंतर चढलेले, याचा जमिनीला चिकटून सरळ. मी प्रकल्पाच्या प्रमुख सरांना फोन केला.

"मॅडम, तुमच्या माणसानं जांभळाचा गर प्यायलाच नाही."

"माझ्यासमोर प्यायलेत, सर. ग्लास विसळून ते पाणीसुद्धा पाजलंय."

"मग नंतर ओकले असतील."

"दोन तासांनी घेतलेल्या रक्तात रंग सापडलाय. प्यायल्याशिवाय तो कुठून येईल?"

सर म्हणाले, "मग जाऊन विचारा. कारण सापडलं नाही तर सगळ्यांचेच नमुने संशयात येतील. गोळा तुम्ही केलेत, उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल."

मी फूड केमिस्ट आहे. जांभळाला जो गडद रंग असतो तो शरीराला चांगला, असं सगळेच सांगतात. पण खाल्लेल्यातला किती रक्तात पोचतो, हे मोजायचं आमचं काम होतं. थोडासा रंग जठरातून आणि लहान आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जातो. अगदी थोडा. बाकीचा मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचे बारीक तुकडे करतात, ते तुकडे रक्तात शिरतात आणि मग लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून गर पाजायचा, दोनदा रक्त घ्यायचं आणि पुढच्या चोवीस तासांची सगळी लघवी वेळेनुसार वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवायची. अकरा नंबरच्या रक्तात रंग होता. लघवीत तुकडे जवळजवळ नव्हतेच.

चाचणी मुद्दाम हिवाळ्यात ठेवली होती. जांभळाचा गर फ्रीझरमधला. झाडाला जांभळं नसली की कुणी येताजाता तोंडात टाकण्याची भीती नाही. मी दिंद्रुडला खोली घेऊन राहत होते. तिथून स्कूटीवर जवळच्या एका छोट्या गावात रोज जायचं, प्रत्येकानं काल काय खाल्लं ते लिहून घ्यायचं. रविवारी नमुने घेऊन संस्थेत, सोमवारी परत. त्या दिवसांत गाव अर्धं रिकामं असतं. दसरा झाला की कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला जातात. निम्म्या दारांना कुलपं. मी सकाळी यायचे तेव्हा गल्लीत माझ्याच स्कूटीचा आवाज असायचा.

अकरा नंबर म्हणजे लिंबाजी काका. जन्मभर ऊस तोडला, मग कंबर गेली. मुलगा, सून आणि नातवंडं कारखान्यावर, काका घरात एकटे. नाव नोंदवताना मी त्यांना चाचणीआधीचे नियम सांगितले. तीन दिवस बोरं नाहीत, द्राक्षं नाहीत, वांगं नाही, लाल कांदा नाही, चहा नाही.

"च्या बी न्हाई? मंग माणसानं सकाळी उठावं कावून?"

पण त्यांनी सगळं पाळलं. मी जायच्या वेळेला अंगणात बाज टाकून बसलेले असायचे. भाकरी किती, वरण कशाचं, तेल किती, नीट आठवून सांगायचे. माझं लिहून झालं की विचारायचे, "आन तुमी काय खाल्लं?" मी बहुतेक वेळा बिस्किटं खाल्लेली असायची. पहिल्यांदा खोटं सांगितलं, पोहे. नंतर खरं सांगायला लागले. ते मान हलवून म्हणायचे, "ह्ये काय खानं हाय व्हय." दिवसभरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. घरून फोन यायचा तो परत कधी येतेस एवढं विचारायला.

जाण्याआधी मी एक तपासणी केली. शरीर रोज साधारण ठरावीक क्रिएटिनिन लघवीतून टाकतं. कुणी कॅनमध्ये पाणी घातलं की लघवी पातळ होते आणि एकूण क्रिएटिनिन तेवढंच राहतं. कुणी अर्धी लघवी बाहेर केली तर एकूण क्रिएटिनिन कमी भरतं. काकांचं दोन्ही बाजूंनी व्यवस्थित होतं. सगळी लघवी, नुसती लघवी. म्हणजे माणूस प्रामाणिक होता आणि तरी आकडा जुळत नव्हता. मग एकच शक्यता उरली.

सोमवारी गेले. वही उघडली नाही.

"काका, नाव नोंदवताना मी विचारलं होतं, इतक्यात काही औषधं घेतली का. तुम्ही नाही म्हणालात."

"म्हनलतो."

"खरं होतं?"

ते उठले. उठताना डाव्या टाचेवर भार देत नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि मी रोज येत होते. आतून प्लास्टिकची पिशवी आणून त्यांनी माझ्या पुढ्यात ओतली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पाठीमागे लाल रेघ. ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांवर असते; या अँटिबायोटिकच्या होत्या.

"टाच पिकलती. सराट्याचा काटा मोडून बसला आत. डाक्टरनं दिल्या. तुमी गर पाजला त्येच्या आदल्या दिवशी संपल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी नाव काटलं असतं."

"काटलंच असतं."

"मंग? तुमी समोरच्या सखूबाईकडं गेल्या असत्या. माझ्याकडं कोन येतंय?"

लघवीत रंगाचे तुकडे सापडले नाहीत, एवढं सांगत मी पट्ट्या पिशवीत भरल्या. त्यांनीच पुढं विचारलं, "म्हंजी मला जांभूळ अंगी लागत न्हाई का आता?"

"लागतं. आतड्यात जीव असतात, ते रंगाचे तुकडे करतात. तुमच्या गोळ्यांनी ते मारले. येतील परत."

"कवा?"

"काही आठवडे लागतील."

"बरंय त्येंचं," काका म्हणाले. "आमचे पाडव्याच्या पुढंच येतेत."

सरांना फोन केला तेव्हा ते खूश झाले. "अहो, याहून चांगला पुरावा काय हवा! जिवाणू गेले, तुकडे गेले. काम जिवाणूच करतात." मग लगेच आवाज बदलला. "पण वापरता येणार नाही. नियम मोडलाय. नाव काढा. दुसऱ्या फेरीत गराऐवजी पावडर द्यायचीय, त्यातही त्यांना घेऊ नका."

"त्यांच्याकडे रोजची भेट?"

"कशासाठी? त्यांचा डेटाच नाही."

सरांचं चूक नव्हतं. एकाला सूट दिली की बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन काकांना सांगितलं.

"म्हंजी उद्यापासून न्हाई?"

"नाही, काका."

"बरं." मग म्हणाले, "गाडी हळू चालवत जा. त्या पुलापाशी खडी पडलेली हाय."

त्यानंतर मी दोनदा गेले. वही न घेता जाऊन बसलं की काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, मशीन चुकलं नव्हतं ना. दुसऱ्या वेळी टाच दाखवली, बरी झाली होती. मग पावडरची फेरी सुरू झाली, सकाळ पुरेना, आणि तिसऱ्यांदा जायचं राहून गेलं. समोर सखूबाईकडे जाताना त्यांचं अंगण दिसायचं. मी हात करायचे, तेही करायचे. उन्हाळा लागायच्या आत मी खोली सोडली. त्यांची माणसं परत आली तेव्हा मी संस्थेत होते.

बाकीच्यांचे निकाल नीट लागले, कुणाचेच नमुने संशयात आले नाहीत. अहवालात काकांची एक ओळ आहे: एक सहभागी, अलीकडील औषधांमुळे वगळला.

आता नावं नोंदवायला जाते तेव्हा मी औषधांचा प्रश्न कागदावरून वाचत नाही. घरात असतील त्या गोळ्यांच्या पट्ट्या बघायला मागते आणि समोरच्याला दोन पावलं चालून दाखवायला सांगते. घरात एकटा असलेला जो माणूस सगळे नियम पाळायला लगेच तयार होतो, त्याच्याकडे जास्त वेळ बसते.