पट्टे बदलणारा मासा

गेल्या महिन्यात सिद्रामअण्णा गेले. आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर. निरोप आला तेव्हा मी वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. फळ्यावरचं गणित अर्धंच टाकून निघालो आणि वाटेत एकच मनात आलं... आता सांगायचं राहिलंच.

लिंगायताच्या घरात मासा, म्हणून सोलापुरात त्यांची टर कमी उडाली नाही. पण अण्णांनी तो पाळायला आणला होता, मुंबईहून रेल्वेनं, समुद्राच्या पाण्याच्या पिंपातून. काळानिळा, पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, तळहाताएवढा. किनाऱ्यावर याहून मोठा, तपकिरी, निळ्या आडव्या रेघांचा दुसराही मासा मिळतो. पुस्तकांत या दोन जाती. तिथले कोळी लोक अण्णांना सांगत, मोठ्यांची जोडी तिन्हीसांजेला वर चढते, अंडी पाण्यात सोडते, ती वाहून जातात. अण्णा म्हणत, "त्या मोठ्याचं पिल्लू कुनी बघितलं न्हाई, आन् या बारक्याच्या पोटात कदी अंडी सापडत न्हाईत. मग हे लेकरू कुनाचं, सांगा की!" हे त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, रंग बदलताना दाखवा, मग मानू.

दीड वर्षानं पट्टे फिकटले, आडव्या रेघा उमटू लागल्या. अण्णांनी हरखून प्राध्यापकांना 'या' म्हणून पत्र घातलं आणि त्याच आठवड्यात विषमज्वरानं इस्पितळात पडले. मासा त्यांच्याच घरी टाकीत राहिला, पण माझ्या हवाली झाला. "पानी कमी झालं की भर घाला, भाऊ," एवढंच ते म्हणाले.

वैशाखाचं ऊन. पाणी रोज उतरे आणि मी रोज मीठ कालवून भर घाली. समुद्राचा मासा, त्याला गोडं पाणी कसं घालायचं? पाणी आटतं, मीठ आटत नाही, एवढं गणिताच्या मास्तराला सुचू नये! आठव्या दिवशी मासा आडवा झाला. दुपारपर्यंत कुजला, मी परसात पुरला. अण्णांना सांगितलं, उन्हानं मेला. ते "असू द्या" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. घरी आले, पण सावरले नाहीत, खंगतच गेले. मला माझी लाज वाटते.

परवा धीर करून अण्णांच्या पत्नीला, गौरव्वा वहिनींना सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं की. इस्पितळातनं आले त्याच दिवशी टाकीत बोट बुडवून पानी चाखलं. म्हनले, भाऊंस्नी बोलू नगंस, लई मनाला लावून घेतील."

एक खडा बाजूला टाकून पुढं म्हणाल्या, "आन् मुंबईला कागद धाडला. त्यात लिवलं, मासा माज्याच चुकीनं मेला."