महागू रामटेकेचे आरसे

१९६५ साली बालाघाटला स्टेशनजवळ घनश्याम शेटजींनी नवं लॉज बांधलं. चौदा खोल्या, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम. आमच्याकडे तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. मँगनीजच्या खाणींचे ठेकेदार, धानाचे व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, सगळी तिथेच उतरत. मी, वसंता, लालबर्र्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, तिथे मॅनेजर होतो. चादरींपासून नळाच्या चकत्यांपर्यंत जे लागेल ते शोधून आणायचं, हे माझं काम.

आरशांनी मला पहिल्याच वर्षी रडवलं. नागपूरहून आणलेल्या आरशांच्या लाकडी चौकटी पावसाळ्यात फुगल्या, सांधे उघडले आणि काचेच्या कडांकडून काळे डाग आत सरकू लागले. मग लोखंडी पट्टीचे करून घेतले. त्यांना रंगाखालून गंज चढला आणि पांढऱ्या भिंतींवर तांबडे ओघळ उतरले. एका ठेकेदाराने दाढी करता करता मला हाक मारली, "मॅनेजरसाब, इसमें मुँह किधर से देखना है?" शेटजी मागेच उभे होते. ते मला एवढंच म्हणाले, "दिवाळी के पहले सब बदल दो. और फिर बदलना न पड़े."

गोंदियाच्या दुकानांतून हात हलवत परत आलो. शेवटी कुणीतरी महागूचं नाव सांगितलं.

महागू रामटेके पत्र्याच्या पेट्या आणि धानाच्या कोठ्या बनवायचा. चाळिशीचा, अंगाने काटकुळा, सतत ठोकून ठोकून डाव्या कानाने कमी ऐकणारा. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्याने बापजाद्यांकडून आलेली गावकीची कामं एका दिवसात सोडली होती. किरनापूरकडचं गाव सोडून तो बायको अंजनासह बालाघाटला आला, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी पत्रा कापायची कातर पहिल्यांदा हातात धरली.

मी काम सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आरसा मी कधी केला नाई."

"मग?"

"करून पाहू. पण आधी मले ते बाथरूम दाखवा."

त्याने एक आरसा केला. चारी बाजूंनी पत्रा दुमडून, कोपरे कथिलाने झाळून, सुई शिरणार नाही इतका बंद. मला तो फार आवडला. महिन्याभरात त्याचीही खालची कड काळी पडली. दुसरा कुणी असता तर काच खराब निघाली म्हणाला असता. महागूने आरसा उतरवला, बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून मांडीवर घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "माझंच चुकलं. पण कुठं चुकलं, ते समजून नाई राह्यलं."

शेवंताबाई तेव्हा तिथेच फरशी पुसत होती. चौदाही बाथरूम तीच धुवायची. ती न थांबताच बोलली, "महागूभाऊ, तो वरून नाई मरत. खालून मरते."

"काहून?"

"लोक बादली त्याच्याखालीच ठेवतात. पाणी उडते, काचेवरून खाली येते अन् पट्टीत जाऊन बसते. मी रोज सकाळी पुसते. संध्याकाळी पाहा, तिथून पाझरूनच राह्यते. तुम्ही त्याले सगळीकडून कोंडलं. आत गेलेलं पाणी जाईल कुठं?"

मी वर्षभर त्या आरशांचा ताप डोक्यावर घेऊन फिरत होतो, पण तिला कधी विचारावंसं मला वाटलं नव्हतं. महागूने मात्र मांडीवरचा आरसा बाजूला ठेवला आणि अर्धा तास तिला विचारत राहिला. कोणती भिंत सर्वांत उशिरा सुकते? काच कशाने घासता? सोड्याने रंग जातो का? ती सांगत गेली, तो मान डोलवत ऐकत गेला, चांगला कान तिच्याकडे करून.

दुसरा आरसा अगदी निराळा झाला. भंडाऱ्याहून आणलेली पितळी पट्टी, कारण पितळ काळवंडेल पण कुजणार नाही. खालच्या पट्टीला पाणी निघून जायला पाच भोकं. काचेच्या कडांना रंगाचे तीन हात. काच आणि धातूच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. आणि मागे चार कोपऱ्यांना टायरच्या जाड चकत्या, म्हणजे आरसा भिंतीपासून बोटभर सुटा राहावा आणि मागून हवा खेळावी.

शेटजी खूश झाले. "बस, ऐसे ही चौदा बना दे."

"नाई शेटजी," महागू म्हणाला. "एक पावसाळा जाऊ द्या."

"अरे, दिवाळी सामने है! फिर मैं नागपुर से मँगवा लूँगा."

"मागवा. पण मी आज चौदा दिले अन् पुढच्या साली काळे पडले, तर तुम्ही मले बोलावणार नाई अन् मी तोंड दाखवणार नाई. एकच लावा. पाच नंबरात, तिथली भिंत सुकतच नाई."

शेटजी चिडले. दोन दिवसांनी मलाच म्हणाले, "लगा दो पाँच में." बाकीच्या खोल्यांत आम्ही डागाळलेले आरसे आणखी एक वर्ष चालवले. मी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

तसाच दुसरा आरसा महागूच्या घरी न्हाणीच्या तट्ट्यावर टांगलेला होता. अंजना सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर तांब्याभर पाणी मारायची, कधी सोड्याचंही. "नवऱ्यानं काम दिलं हाय," ती शेजारणींना हसून सांगायची.

सदुसष्टच्या दिवाळीआधी महागूने दोन्ही आरसे शेटजींच्या टेबलावर आणून ठेवले आणि सगळ्यांसमोर मागचे स्क्रू काढले. आत काहीच झालं नव्हतं. रंग शाबूत, काच कडेपर्यंत स्वच्छ. शेटजींनी बोट फिरवून पाहिलं.

"कमाल है, महागू."

"मी एकट्यानं नाई केलं. आरसा खालून मरते, हे शेवंताबाईनं सांगितलं. तिले बोलवा."

शेवंताबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी यायला तयार नव्हती. महागूने तिच्या हातात पट्टी देऊन भोकं दाखवली. ती म्हणाली, "पाचवं भोक कोपऱ्याच्या अजून जवळ घ्या, भाऊ." महागूने तिथेच खूण केली. रोजीवर असलेल्या शेवंताबाईला शेटजींनी त्या महिन्यापासून पक्की नोकरी दिली.

चौदा आरसे लागले आणि त्यांचं नाव होत गेलं. सिवनीहून एक, मग किरनापूरच्या एका डॉक्टरकडून एक, अशी कामं येत राहिली. एकाहत्तर साली गोंदियाच्या एका नव्या हॉटेलने चाळीस आरसे सांगितले. एकट्याचं काम नव्हतं ते. शेवंताबाईचा नवरा तेजराम खाणीतून कमी झाला होता आणि घरी बसून होता. महागूने त्याला बोलावलं आणि शिकवलं. तेही कसं? पहिले आठ दिवस नुसता सरळ रेषेत पत्रा कापायला लावला. आठवड्यानंतर तेजराम मला म्हणाला, "खाणीत एवढं दमलो नोतो मी."

चाळीस आरसे नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदियाला न्यायचे ठरले. मीही सोबत गेलो. महागू आणि तेजरामने ते तणसाच्या गुंडाळ्यांत बांधून डब्यात उभे लावले आणि आजूबाजूला स्वतः टेकू देऊन उभे राहिले. गार्ड आला आणि म्हणाला, "अरे, लिटा दो न! आराम से बैठो."

"नाई साहेब. काच निजली की फुटते," महागू म्हणाला. "आम्ही उभे राह्यतो, तीही उभी राह्यते."

गोंदियापर्यंत दोघं उभेच होते. तेजरामचे पाय सुजले. चाळीसपैकी एकच फुटला, तोही गाडीत नाही, हॉटेलच्या जिन्यावर हमालाच्या हातून. हॉटेलवाले म्हणाले, "एकाचं काय एवढं, जाऊ द्या." रात्री आम्ही बालाघाटला परतलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने महागू नवी काच काखेत धरून पुन्हा गोंदियाला गेला, ती बसवली आणि संध्याकाळी परत येऊन धानाच्या कोठ्यांच्या कामाला लागला.