नाकासमोरचा कचरा

धक्क्यावर आमच्या ह्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. "नाक आलं रे!" असंच ओरडतात. मला आधी राग यायचा. एवढा उंचापुरा नवरा माझा, त्यातलं नाकच तेवढं दिसतं का मेल्यांना? पण खोटं कशाला बोला, ते नाक आहेच तसं. टोपलीत हात घालायचा, मूठभर मासळी वर काढायची, एकदा हुंगायची आणि सांगून मोकळं व्हायचं. ही आज पहाटेची, ही कालची, आणि खालच्या थरात परवाची दडवलीस ती गुपचूप उचल. बोटवाले शिव्या घालतात, पण वाद घालत नाहीत.

हे नाक आत्यांनी घडवलं. आत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. ह्यांची आई लवकर गेली, वडील सदानकदा बोटीवर, तेव्हा आत्यांनीच ह्यांना पदरात घेतलं. त्यात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. घरामागे बांबूचे मांडव होते. त्यांच्यावर बोटभर लांबीची मासळी वाळत टाकायची आणि बाजारात बसून विकायची. मोठा मासा ज्यांना परवडत नाही, त्यांच्या पातेल्यात आत्यांची मासळी शिजायची. "डोळे मीट नि वासावरून ओळख," असं म्हणून ह्यांना शिकवायच्या, चुकलं की टपली. ह्यांच्या चपला, पुस्तकं, शाळेची फी, सगळं त्या मांडवांवरच वाळलं.

मग बंदरापलीकडे भुकटीचा कारखाना आला. बारीक मासळी उकडायची, दळायची, पोती भरायची. ती पोती जहाजाने कुठल्या कुठे जातात. तिकडे म्हणे समुद्रात पिंजरे बांधून मोठाले गुलाबी मासे पाळतात आणि त्यांना ही भुकटी चारतात. तो गुलाबी मासा मग विमानात बसून आमच्याच मॉलमध्ये येतो, प्लास्टिकच्या डब्यात, वर 'ताजा' असं छापलेलं. ऐकून मला हसूच आलं. आमची मासळी परदेशात जाऊन, माशाच्या पोटात शिरून, विमानाने परत येते, आणि आम्ही अजून विमान बघतो ते खालून!

कारखान्याला धक्क्यावर खरेदीसाठी माणूस हवा होता. ह्यांच्याहून चांगलं नाक कुठे मिळणार? नाकासमोर चालणारा माणूस म्हणून ह्यांची ख्याती. तसेच नाकासमोर चालत सरळ कारखान्याच्या फाटकात शिरले. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आज टेम्पो भरभरून कचरा उचलला."

"म्हणजे? नगरपालिकेत लागलात काय?"

तर म्हणे, कारखान्यात बारीक मासळीला कचराच म्हणतात. मी म्हटलं, "आत्यांसमोर हा शब्द काढू नका हो." "वेडी आहेस का," म्हणाले, आणि आत्यांना सांगितलं की कारखान्याच्या ऑफिसात काम लागलंय. आत्यांचे गुडघे गेले होते, धक्क्यावर येणं कधीच बंद झालं होतं. बोटवाल्याची बायको टोपली घरी पोचवायची. त्यामुळे थाप पचली.

कारखाना काहीही घ्यायचा. अंड्यांनी भरलेली मासळी घ्यायचा, पिल्लंही घ्यायचा. मग बोटवाल्यांनी नवी जाळी आणली, जाळी कसली, मच्छरदाण्याच त्या. आत्यांची टोपली अर्धी झाली, मग तळाला गेली, मग येईल तेव्हा येऊ लागली. रिकाम्या मांडवांवर आत्या धुणं वाळत घालू लागल्या.

"काय झालंय रे समुद्राला?" त्यांनी एकदा विचारलं. मी तिथेच बसले होते.

"रुसलाय गं. पाणी तापलंय म्हणतात," हे म्हणाले आणि बशीत डोळे घालून चहा प्यायले. पाणी तापलंय हे खरंही असेल. पण ज्या तोंडाने ते सांगितलं, ते तोंड मला बघवेना. आणि माझं तरी तोंड कुठे उघडलं? घरात नवा फ्रिज आला होता. रंग मीच पसंत केला होता.

तेव्हापासून ह्यांनी मासे खाणं सोडलं. घरी आले की लिंबाने हात घासायचे, नखांत ब्रश फिरवायचे, आणि तरी विचारायचे, "येतोय का गं वास?"

"येतोय," मी म्हणायचे. खोटं बोलायला मी काय आत्यांचा भाचा आहे?

मग ती सकाळ आली. हे डबा विसरले होते म्हणून मी धक्क्यावर गेले. "कचरा इकडे आण! कचरा काट्यावर घे!" असा आरडाओरडा चालला होता आणि त्यात ह्यांचा आवाज सगळ्यात मोठा. बघते तर रांगेत आत्या! काखेत टोपली, हातात काठी. टोपली यायची पूर्ण थांबली, तेव्हा बिचाऱ्या स्वतःच निघाल्या असणार. आत्या सरकत सरकत काट्यापाशी आल्या. ह्यांनी मान वर केली.

"साहेब," आत्या म्हणाल्या, "थोडा कचरा मिळेल का?"

धक्का काही गप्प झाला नाही, तिथे कोण कुणासाठी थांबतं! ह्यांनी मात्र अख्खा क्रेट उचलला आणि वजन न करताच आत्यांच्या टोपलीत ओतला. आत्यांनी त्यातली चिमूटभर मासळी तळहातावर घेतली. हुंगलीसुद्धा नाही, नुसती बघितली.

"ही तर पोरं आहेत हो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांशिवाय काही फुटलेलं नाही अजून. ही वाळवली तर उरणार काय? घ्या, तुमची तुम्हाला."

टोपली क्रेटमध्ये उलटी केली आणि काठी टेकत निघून गेल्या.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. ह्यांनी दारातच सुरुवात केली. "आत्या, चुकलं माझं. नोकरी सोडतो. उद्याच सोडतो."

"सोडा की," आत्या चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. "तुमच्या जागी दुसरा उभा राहील. बसा."

"आत्या, शिव्या घाल, काठी घाल पाठीत. पण मला अहो-जाहो नको करूस गं!"

आत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला म्हणाल्या, "तू का उभी? बस गं." मला बस, आणि ह्यांना बसा.

मग फडताळातून बरणी काढली. तळाशी थोडी सुकी मासळी उरली होती, जुनी, चांगली बोटभर लांबीची. तेवढी मासळी बघूनसुद्धा किती दिवस झाले होते! आत्यांनी ती तव्यावर परतली आणि सगळीच्या सगळी ह्यांच्या ताटात वाढली. बरणी उपडी करून झटकली. स्वतःला आणि मला भात-भाजी घेतली.

हे मासे खात नाहीत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प झाले. लहानपणी आत्या ताटासमोर बसून काय म्हणायच्या ते ह्यांनी मला कितीदा सांगितलंय. काटा बघून जेव रे. हे ताटाला हात न लावता बसून राहिले. माझा एवढा उंचापुरा नवरा त्या एका शब्दाची वाट बघत होता.

"काटा बघून जेवा," आत्या म्हणाल्या.

ह्यांनी खाली मान घातली आणि ती सगळी मासळी खाल्ली, काट्यांसकट.