खटखटरावांचा माऊस

आमच्या ह्यांना ऑफिसात खटखटराव म्हणतात आणि ह्यांना ते माहीत नाही असं सगळ्यांना वाटतं. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत हे दाखले टाइप करतात, एकतीस वर्षं झाली. पडद्यावर तीन खिडक्या उघड्या असतात: एकीत जुन्या नोंदवहीचा फोटो, दुसरीत दाखला, तिसरीत अर्जदाराचं पत्र. बाकीची माणसं माऊस धरून पडद्याच्या तळाशी जातात, बारीक चित्रं शोधतात, भलतंच दाबतात आणि कपाळावर हात मारतात. हे कीबोर्डवर डाव्या अंगठ्याने ऑल्टचं बटण धरतात, दुसऱ्या बोटाने टॅब दाबतात. खट! दुसरी खिडकी हजर. तिसरी हवी तर खटखट. वर बघतसुद्धा नाहीत.

"न बघता कसं कळतं हो, कुठली येणार ते?" मी एकदा विचारलं.

"अगं, टेबलावरचा कागदांचा ढीग समज. शेवटी हाताळलेला कागद वर, त्याच्या आधीचा त्याच्या खाली. वरचा एका खटीला, खालचा दोन खटींना. त्यात काय कळायचंय?"

नाकासमोरचा टॉवेल ह्या माणसाला सापडत नाही आणि हे मात्र कळतं!

गेले आठ महिने ह्यांचा उजवा खांदा धरलाय. कोपर अंगापासून सुटत नाही. पण कबूल करतील तर शपथ! म्हणे उशी वाईट आहे. चार उश्या बदलल्या मी. त्यामागे खरी भीती तळघराची. मागच्या वर्षी शिक्के मारणाऱ्या आजोबांचा हात थरथरतो हे वर कळलं आणि त्यांची रवानगी तळघरात झाली, जुन्या नोंदवह्यांच्या राखणीला. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. तेव्हापासून ह्यांनी जो धसका घेतलाय तो घेतलाय.

अशात एका सोमवारी वही घेऊन एक मुलगी कचेरीत आली. नवा प्रोग्रॅम बसवायचा होता, त्याआधी लोक काम कसं करतात ते ती तीन दिवस मागे बसून बघणार होती. झालं! हे घरी आले ते घाम पुसतच.

"म्हातारे निवडून काढायला पाठवलीय तिला. आज सकाळपासून माऊसच धरलाय मी, आता तोच वापरणार. मॉडर्न दिसलं पाहिजे."

"अहो, पण खांदा..."

"खांद्याला काय धाड भरलीय?"

बुधवारी हे चष्मा घरीच विसरले, म्हणून तो द्यायला मी गेले. आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. ह्यांनी माऊस उजव्या मुठीत गच्च धरला होता. हात काही हलत नव्हता, म्हणून हे चाकांची खुर्चीच हलवत होते! पडद्यावरचा बाण उजवीकडे न्यायचा तर अख्खा माणूस उजवीकडे. वर न्यायचा तर पोट टेबलाला टेकेपर्यंत पुढे. आणि चेहऱ्यावर असा आव, की जन्मल्यापासून हे असंच काम करतायत. काउंटरबाहेर दाखल्यांसाठी रांग लागलेली. मला हसू आवरेना आणि जीवही तुटत होता.

वहीवाली मुलगी माझ्याजवळ बाकावर येऊन टेकली. मी सहज विचारलं, "काय गं, काय लिहून घेतेस एवढं?"

"काकू, लोक काय वापरतात आणि काय नाही ते. जे कुणीच वापरत नाही ते नव्या प्रोग्रॅममध्ये ठेवायचं नाही. आता हेच बघा ना, खिडकी बदलायची ती दोन बटणं. तीन दिवसांत एकानेही हात लावला नाही. ती सोय काढून टाकतोय."

बटणं गेली तर हा माणूस काम कशाने करणार? खुर्ची फिरवून? आठ दिवसांत तळघर ठरलेलं! आणि खरं सांगावं तर खांदा उघडा पडणार, म्हणजे आजच तळघर. विचार करायला वेळ होता कुठे? आणि माझं तोंड कधी विचाराची वाट बघतं?

"काढू नकोस गं बाई!" मी ओरडलेच. "ह्यांचा खांदा धरलाय आठ महिने! ह्या दोन बटणांवरच चाललंय सगळं! तीन दिवस नाटक करतायत ते तुझ्यासमोर!"

साहेब दारातच उभे होते. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, सातासमुद्रापार पळून जावं.

मग काय झालं कोण जाणे, ह्यांनी माऊस टेबलाच्या कडेला ढकलला आणि डावा हात बटणांवर ठेवला. खट. खटखट. खट. नोंदवही, दाखला, पत्र, दाखला. चार मिनिटांत एक दाखला बाहेर. सकाळपासून एकेकाला अकरा मिनिटं लागत होती. ती मुलगी लिहायचंच विसरली. मग कागदांच्या ढिगाचं सगळं तिने दोनदा समजावून घेतलं आणि वहीतली आधीची ओळ खोडली.

"साहेब," हे पडलेल्या आवाजात म्हणाले, "आता मला तळघरात..."

"तळघरात?" साहेब खेकसले. "आणि ही बाहेरची रांग कोण उरकणार, मी? खांदा दुखतो तर माऊसला हात कशाला लावता? तीन दिवस कामाचा खोळंबा केलात!"

नोकरी वाचली, बटणं वाचली. पण हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचे. मीही म्हटलं, बसा फुगून.

तिसऱ्या दिवशी कामावरून आले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं, रोजच्यासारखं. पाचेक मिनिटांनी दार उघडलं. शर्ट अर्धा अंगात, अर्धा बाहेर, उजवा हात बाहीत अडकलेला.

"जरा ये इकडे," हे खाली बघत म्हणाले. "ही ओढ. आठ महिने रोज अडकतेय."

आणि मी आठ महिने समजत होते, की हे आत दार लावून भांग पाडतात. मी बाही धरली. डोळ्यांत पाणी आलं आणि नीट दिसेना.

"हळू गं," हे म्हणाले. "दुखतंय."